बाजारहत्नूरपुरतं पेट्रोल

आमच्या घरात पेट्रोल लिटरमध्ये मोजत नसत, गावांमध्ये मोजत. सकाळी शाळेत शिकवायला निघताना मी विचारायची, "बाबा, किती हाये?" मग बाबा मोटारसायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरायचे, गाडी डावीउजवीकडे हलवायचे आणि टाकीला कान लावायचे. आतून जसा आवाज येईल तसा निकाल. "जैनथ होते," म्हणजे जैनथपर्यंत जाशील, परतीचं तुझं तू बघ. "आदिलाबाद होते," म्हणजे बरं चाललंय. आणि "बाजारहत्नूर होते," म्हणजे भरपूर आहे, आता दोन-चार दिवस डोकं खाऊ नको. याहून मोठं माप आमच्याकडे नव्हतं, कारण याहून फार लांब बाबा आपल्या गाडीवर कधी गेलेच नाहीत. बाजारहत्नूरच्या पुढे, रानाला लागून, त्यांच्या मोठ्या बहिणीचं सासर होतं. माझी आत्या. बाबा तिला अक्का म्हणायचे.

गाडीला पेट्रोलचा काटा होता, पण तो कधीच मेला होता. बाबांनी तो दुरुस्त केला नाही. काटा लबाडी करतो, कान करत नाही, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, "उथळ पाण्याले खळखळाट फार. तुमच्या टाकीत पेट्रोल नसते म्हणूनच तर आवाज येते." बाबांना हे झोंबायचं, कारण ते खरं होतं.

आता टाकी एवढी कोरडी का, तर आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे. पूल ओलांडला की महाराष्ट्र, आणि तिकडे पेट्रोल थोडं स्वस्त. त्यामुळे अलीकडच्या पंपावर टाकी भरणारा माणूस एक तर नोकरदार, नाही तर येडा, असं आमच्या गावाचं ठाम मत. मी मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, शाळेत शिकवते, तेव्हा मला दोन्ही लागू. पलीकडच्या बाजाराच्या दिवशी अख्खं गाव नदी ओलांडतं, बाजार करतं आणि आठवड्याचं पेट्रोल भरून आणतं. बाजाराच्या आदल्या दिवशी गावातल्या सगळ्या गाड्या वाळलेल्या विहिरींसारख्या. पुलाच्या चढावर दरवेळी एखादा गडी बंद गाडीवर बसलेला दिसायचा आणि मागचा त्याच्या गाडीला पाय लावून त्याला ढकलत न्यायचा. यात कोणालाच लाज वाटत नसे. उलट शेवटच्या थेंबावर पंपात शिरणारा माणूस लढाई जिंकून आल्यासारखा मिशीवर हात फिरवायचा.

या लढाईत बाबा जुने सरदार. रिझर्व्ह संपलं की ते गाडी नळीच्या बाजूला आडवी पाडायचे, म्हणजे टाकीच्या दुसऱ्या कप्प्यात अडकलेलं पेट्रोल इकडे येतं. त्यानंही भागलं नाही तर टाकीचं झाकण उघडून तोंड लावायचे आणि शंख फुंकल्यासारखे फुंकायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बापाच्या मिशीला पेट्रोलचा वास येतो.

मला भाऊ नाही. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा त्यांनी गाडी माझ्या हाती दिली आणि आपण मागे बसायला लागले. पोरगी गिअरची गाडी चालवते आणि बाप मागं बसते, याची गावात चार दिवस चर्चा झाली. पाचव्या दिवशी लोकांना दुसरा विषय मिळाला. मात्र गाडी माझ्या हाती आली तरी टाकी बाबांच्याच ताब्यात राहिली. किल्ली माझी, कान त्यांचे. मी एकदा जैनथच्या पंपावर चोरून पेट्रोल टाकलं, तर दुसऱ्या दिवशी गाडी हलवताच त्यांनी ओळखलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

भाऊबीजेला मात्र बाबा बाजारहत्नूरला जाणार म्हणजे जाणारच. पाऊस असो, कापूस वेचायचा असो, ताप असो. आणि दरवर्षी पोहोचायला दिवेलागण होणार हेही ठरलेलं. निघताना टाकी कशीबशी, वाटेत कुठे तरी गाडी बंद, मग आडवी पाड, फुंक, ढकल. आत्या ओवाळल्याशिवाय जेवत नसे. दिवसभर उपाशी राहून ती अंगणात येरझारा घालायची आणि आम्ही गाडी ढकलत आलो की पदर तोंडाला लावून हसायची.

"आलं माहं माहेर ढकलत ढकलत," म्हणायची. "तुह्या टाकीत पेट्रोल राह्यलं त मले वाटीन दिवाळी चुकली."

बाबा खाली मान घालून पाटावर बसायचे. आत्या त्यांच्याहून बरीच मोठी. आजी लवकर गेली, तेव्हा आत्यानंच बाबांना कडेवर घेऊन वाढवलं. बाबा जगात कोणाचं ऐकून घेत नसत, तिचं घेत. दुसऱ्या दिवशी निघताना आत्या गोठ्यातून मोठी प्लास्टिकची बाटली आणायची. गावातल्या किराणा दुकानातून तिनं आधीच पेट्रोल भरून ठेवलेलं असायचं, घरापर्यंत पुरेल इतकं. बाबा म्हणायचे, "अक्का, काऊन एवढं?" ती म्हणायची, "घे बापा. तू घरी पोचला का नाई याचा घोर मले रातभर नको."

गेल्या भाऊबीजेला आत्या अंगणात उभी नव्हती. खाटेवर होती. दसऱ्यापासून तिच्या पोटात काही राहत नव्हतं. उटनूरला दाखवलं, आदिलाबादला दाखवलं, आणि मग दाखवणं थांबवलं. तिनं बसल्या बसल्याच ओवाळलं. बाबांनी नेलेलं हिरवं लुगडं हातात घेऊन बराच वेळ त्याच्या काठावरून बोट फिरवलं. दरवर्षी ती लुगडं तिथेच उलगडून अंगावर धरायची. त्या वर्षी उलगडलं नाही. घडी तशीच उशाखाली सारली. मला तेव्हा वाटलं, दमली असेल.

पुढचं सांगण्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बाई सासरी वारली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भाऊ आणतो, भाऊ नसेल तर भाच्यानं आणायचं. माहेरचे लोक लुगडं घेऊन येईपर्यंत तिला उचलत नाहीत. नवरा जिवंत असताना गेली तर लुगडं हिरवं. बाई आयुष्यभर कितीही नेसली, मिरवली, तरी जाताना अंगावर माहेर पाहिजे. या रीतीचा मला एरवी राग येतो. जिवंतपणी चार दिवस माहेरी राहू द्यायला सासर तयार नसतं आणि मेल्यावर माहेरासाठी खोळंबून बसतं. पण आत्याच्या बाबतीत मी हा राग कधी बोलून दाखवला नाही, कारण बाबांसाठी ती रीत नव्हती. ते त्यांचं अखेरचं काम होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. भाऊबीजेहून परतल्यापासून फोन वाजला की ते अंगणात जाऊन उभे राहायचे.

फोन आला तो नेमका बाजाराच्या आदल्या दिवशी, सकाळी. आत्याच्या मुलाचा. आई पहाटे गेली, मामाला घेऊन या, उन्हं कलायच्या आत या, हिवाळ्याचा दिवस लहान आहे, अंधार पडल्यावर नेता येणार नाही. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि धोतर बदलायला आत गेले. रडले नाहीत. बाहेर येऊन सवयीप्रमाणे गाडी हलवली, कान लावला आणि म्हणाले, "आदिलाबाद होते."

मी शेजारच्या दोन-तीन घरी जाऊन आले. बाटलीभर पेट्रोल मागितलं. आदल्या दिवशी आमच्या गावात पेट्रोल मागणं म्हणजे उन्हाळ्यात नाल्याकडे पाणी मागणं. सगळ्यांना वाईट वाटलं, सगळ्यांनी आपापल्या गाड्या हलवून दाखवल्या. एकीचाही आवाज आला नाही.

"पलीकडे जाऊन भरून येऊ," मी म्हणाले.

"उलटं कोठी जातं? अक्का थांबून राह्यली तिकडं. आदिलाबादले भरू."

बाबांनी अलीकडच्या पंपाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा काढलं होतं. मला हायसं वाटलं.

आदिलाबादच्या पहिल्याच पंपावर रांग रस्त्यापर्यंत आलेली. टँकरवाले संप करणार अशी आवई उठली होती आणि सगळं शहर डबे, बाटल्या, गाड्या घेऊन उलटलं होतं. पुढच्या पंपावर तेच. बाबा म्हणाले, "आधी लुगडं घेऊ, तोवर रांग कमी होईन."

दुकानात त्यांनी जो वेळ घालवला त्याची आठवण आली की आजही माझ्या अंगाची आग होते. हे हिरवं फार उजळ, हे फार काळपट, याचे काठ अक्काला आवडले नसते. दुकानदार एकेक घडी उलगडत होता. मी दारात उभी राहून सूर्याकडे पाहत होते. "बाबा, तिले आता काय दिसते?" हे माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोतीबिंदू झालेले डोळे काठाला अगदी चिकटवून ते नक्षी पाहत होते. शेवटी एक निवडलं. भाऊबीजेला नेलं होतं तसंच, जवळजवळ तेच.

बाहेर आलो तर रांग दुप्पट झालेली. बाबांनी लुगड्याची पिशवी माझ्याकडे दिली, गाडी हलवली, टाकीला कान लावला. मी शेजारीच होते. तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी हलावं तेवढा आवाज आला.

"बाजारहत्नूर होते," बाबा म्हणाले. "चाल."

"बाबा, हे बाजारहत्नूर नाई. गुडीहत्नूरबी होत नाई हे."

"मी सांगून राह्यलो ना, होते म्हणून. रांगेत उभं राह्यलं त इथंच संध्याकाळ होईन."

इतक्या वर्षांत बाबांनी माप कधी फुगवून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी टाकीचं ऐकलंच नाही, मनाचं ऐकलं. मी भांडू शकले असते. पण पिशवी छातीशी धरून ते माझ्याआधीच मागच्या सीटवर बसले होते, आणि असा बसलेला माणूस खाली उतरवायची माझी छाती झाली नाही.

हायवेवर गाडी बरी चालली. मी हळू चालवत होते, उतारावर इंजिन बंद करत होते, बाबांनी शिकवलेले सगळे डाव खेळत होते. गुडीहत्नूर मागे पडलं तेव्हा मनात आलं, म्हातारा खरा ठरतोय की काय. इचोड्याच्या पंपावर दोरी बांधलेली. आतला माणूस खुर्चीवरून न उठता म्हणाला, "स्टॉक लेदु, अम्मा. रेपु." माल नाही, उद्या या. बाबांनी हात जोडून हिंदीत विनवणी केली, बहीण वारली म्हणून सांगितलं. त्या माणसाचं तोंड उतरलं, त्यानं उठून पंपाची नळी उचलून दाखवली. त्यातून एक थेंब पडला नाही.

हायवे सोडून बाजारहत्नूरच्या रस्त्याला लागलो आणि गाडीनं पहिला आचका दिला. नॉब रिझर्व्हला आधीच होता. बाजारहत्नूर कसंबसं गाठलं, हे मात्र खरं. बाबांच्या शब्दाला गाडी जागली, पण पुढच्या रानासाठी शब्द दिलेलाच नव्हता. गावातल्या दुकानांत बाटल्या रिकाम्या, आवई तिथंही पोहोचली होती. गाव मागे टाकून सागाच्या रानात शिरलो आणि गाडी थांबली.

आडवी पाडली. थोडी चालली. पुन्हा आडवी पाडली. मग बाबांनी झाकण उघडून फुंकर मारली. पण दम पुरेना, खोकला आला. ते बाजूला बसले आणि मी तोंड लावून फुंकलं. वळणापर्यंत गेलो. त्यानंतर काही झालं नाही.

"बाबा, तुमी व्हा पुढं," मी म्हणाले. "मी गाडी घेऊन येतो मागून."

"रानात तुले एकटीले टाकून?"

"कोण खाते मले?"

"नाई म्हटलं ना."

एरवी मला गावभर एकटी फिरू देणारा हा माणूस त्या दिवशी हटून बसला. ते पिशवी घेऊन दहा पावलं पुढे जायचे आणि थांबायचे. मी गाडी ढकलत जवळ आले की पुन्हा दहा पावलं. रस्त्यानं एकच गाडी आली, कापसाच्या गाठोड्यांनी भरलेली, तीही उलट दिशेला जाणारी. फोनला रेंज नव्हती. उन्हं सागाच्या शेंड्यांवर गेली होती आणि मी मनातल्या मनात आत्याच्या घरच्यांना सांगत होते, थांबा, माहेर येतंय, ढकलत ढकलत येतंय. मला रडू येत होतं ते दुःखानं की संतापानं, मला सांगता येणार नाही. दोन्ही होतं.

आत्याच्या गावाआधी लांब उतार आहे. तिथं आम्ही दोघं गाडीवर बसलो. इंजिनाचा आवाज नाही, नुसती चाकं फिरत होती. तसेच गावात शिरलो. नाल्याच्या बाजूनं धूर वर चढत होता.

बाबा चालत्या गाडीवरून उतरले. पडता पडता वाचले आणि पिशवी घेऊन नाल्याकडे गेले. मी गाडी आत्याच्या अंगणात भिंतीला टेकवली. बायका ओसरीत बसल्या होत्या. मला पाहून आत्याची सून उठली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिला ढकललं. खोटं कशाला सांगू, ढकललंच.

"काऊन नेलं तुमी? माहेरचं लुगडं आलं नव्हतं, माहीत नव्हतं का तुमाले?"

सून रागावली नाही. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आलं होतं, बाई. भाऊबीजेलेच आलं होतं."

मग तिनं सांगितलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही निघून गेल्यावर, आत्यानं तिला जवळ बोलावलं आणि उशाखालची घडी दिली. म्हणाली, "हे माह्या अंगावर घालजा. माहा भाऊ येईन, पण त्याच्या गाडीत पेट्रोल नसीन. उन्हं कलेपर्यंत वाट पाह्यजा, त्याउपर थांबू नोका. अन् तो आला की त्याले कोणी बोलू नोका. तो निघाला असीन टाइमावरच."

घरच्यांनी वाट पाहिली होती. फोन लावले होते. आतोबा फाट्यापर्यंत जाऊन आले होते. मग त्यांनी तिचं ऐकलं.

अंधार पडायला लागला तेव्हा आत्याचा मुलगा बाबांना हाताला धरून घेऊन आला. पिशवी रिकामी होती. लुगडं त्यांनी तसंच घडीनं चितेवर ठेवलं, असं तो म्हणाला. सुनेनं बाबांना आत्याचा निरोप सांगितला, शब्द न शब्द. कोणी तिला गप्प करेल असं मला वाटलं, पण कोणी केलं नाही. बाबा ओसरीच्या खांबाला धरून ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "टाइमावर म्हणली?"

"हो, मामा."

रात्री आम्ही तिथेच राहिलो. सकाळी निघताना सून गोठ्यात गेली आणि बाटली घेऊन आली. ती भाऊबीजेची बाटली नव्हती. ती नंतर, आत्यानं खाटेवरून दुकानात माणूस पाठवून भरून आणलेली, नेहमीच्या बाटलीच्या दुप्पट. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून दोऱ्यानं घट्ट बांधलेली. बाबांनी ती हातात घेतली नाही. मीच टाकीत ओतली.

परतीच्या वाटेवर बाबा रिकामी पिशवी मांडीवर घेऊन मागे बसले होते. इचोड्याला दोरी सुटलेली होती, आदिलाबादला रांगा संपल्या होत्या. मी कुठेही थांबले नाही. थांबायची गरज पडली नाही.

त्यानंतरच्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले. बाबा अंगणात बसले होते. मी विचारायला नको होतं, पण जीभ सवयीनं चालते. "बाबा, किती हाये?"

ते उठले. हँडल धरलं, गाडी हलवली, टाकीला कान लावला. आत आत्याचं पेट्रोल अजून वाजत होतं, चांगलं खळखळत होतं.

"बाजारहत्नूर होते," बाबा म्हणाले.

आणि आपण काय बोललो हे त्यांच्या कानावर पडलं. हँडल सोडायचंही त्यांना सुचलं नाही. टाकीला कान लावून, तसेच वाकून, ते मोठ्यानं रडायला लागले. आई चुलीपासून धावत आली. मी शाळेची पिशवी खाली ठेवली आणि त्या दिवशी शाळेत गेले नाही.